बर्फाच्या डब्यातली बाटली

मैत्रिणींनो, एस.टी.त मांडीवर डबा घेऊन बसायची आपल्याला सवयच असते. माहेराहून येताना लाडवांचा, लेकीकडे जाताना लोणच्याचा. गेल्या जुलै महिन्यात मात्र पुण्याहून सांगलीपर्यंत मी जो डबा मांडीवर धरून बसले होते, त्यात खायचं काही नव्हतं. थर्माकोलचा पांढरा डबा, आत बर्फाच्या दोन पिशव्या आणि त्यांच्यामध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मुठीत मावेल एवढी एक बाटली. शेजारच्या बाई साताऱ्यापर्यंत डब्याकडे बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "मासे आहेत का हो?" मी म्हटलं, "नाही हो, औषध आहे." "केवढ्याचं?" "बावीस हजारांचं." बाईंनी आपली पिशवी हळूच लांब सरकवली. धक्का लागून फुटलं तर भरून द्यावं लागेल, असं त्यांना वाटलं असावं!

त्यांना मी हे सांगितलं नाही, की ही बाटली स्वस्तात मिळाली होती. तीन आठवड्यांपूर्वी हेच औषध, एवढंच, आम्ही चोपन्न हजारांना घेतलं होतं.

औषध आमच्या थोरल्या जाऊबाईंचं. घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणते. वय शेहेचाळीस. तासगावजवळच्या खेड्यात दिरांची द्राक्षाची बाग आहे, एक मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाठ लागली ती त्यांनी चार महिने कुणाला सांगितली नाही. बागेची छाटणी होती म्हणे! शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू झाली आणि मग गाठीच्या तपासणीच्या कागदावर एक शब्द आला: हर-टू, आणि पुढे तीन अधिक. डॉक्टर म्हणाले, "याला वेगळं इंजेक्शन आहे. दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. अठरा डोस."

स्तनाच्या कर्करोगाच्या दर पाच रुग्णांत साधारण एकीच्या गाठीवर हे हर-टू नावाचं प्रथिन फार मोठ्या प्रमाणात असतं. ते पेशींना सारखं 'वाढा, वाढा' असं सांगत राहतं. पूर्वी अशी गाठ असलेल्या बाईचं नशीब खोटं, असंच समजत. अमेरिकेत डॉ. डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनावर बसून त्याचं तोंड बंद करणारं औषध तयार करण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९८ साली त्याला तिथे मान्यता मिळाली. नाव ट्रास्टुझुमॅब. मूळ कंपनीचं नाव हर्सेप्टिन. लवकर सुरू केलं तर रोग परत उलटण्याचा धोका ते बराच कमी करतं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं, म्हणजे ही काही श्रीमंतांची चैन नव्हे.

पण पैसे? औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर उभं राहून दिरांनी हिशेब केला. चोपन्न हजार गुणिले अठरा, नऊ लाख बहात्तर हजार. बागेचे पैसे वर्षातून एकदाच येतात आणि जूनमध्ये ते कधीच संपलेले असतात. दीर काही बोलले नाहीत. बोलल्या त्या अक्का. त्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला होत्या. पोळ्या लाटताना शांतपणे म्हणाल्या, "अगं, शस्त्रक्रिया झाली, केमो चाललंय. पुष्कळ झालं. तेवढ्या पैशात पोरीचं शिक्षण पुरं होतंय आणि लग्नही होतंय. मी काय, पिकलं पान."

शेहेचाळिसाव्या वर्षी पिकलं पान! मला रडू आलं आणि रागही आला. दिरांना हे दुखणं झालं असतं, तर अक्कांनी मंगळसूत्र मोडायला क्षणाचाही विलंब लावला नसता. स्वतःवर खर्च करायची वेळ आली की आपण बायका पहिल्यांदा आपलंच नाव खोडतो. मी म्हटलं, "अक्का, नाही कधी म्हणायचं ते नंतर ठरवू. आधी मला जरा चौकशी करू द्या."

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. शाळेत अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. तेव्हा चौकशी कुठून करायची, इथपासून तयारी. पण आमच्या शाळेत विज्ञानाच्या एक बाई आहेत. मधल्या सुट्टीत त्यांनी मला जे समजावून सांगितलं, ते तुम्हांलाही सांगते, कारण यात किमतीचं अर्धं गुपित आहे.

आपली नेहमीची गोळी, समजा ॲस्पिरिन, ही रसायनशाळेत पाककृतीप्रमाणे तयार होते. तिचा एक रेणू म्हणजे अवघे एकवीस अणू. कृती हाती आली की कुणीही तंतोतंत तीच गोळी करावी. ट्रास्टुझुमॅबचा रेणू ॲस्पिरिनच्या आठशे पटींहून जड असतो. तो कुठल्याही भांड्यात रसायनं ढवळून होत नाही. त्यासाठी जिवंत पेशी लागतात, आणि त्या कुणाच्या, तर चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या! या पेशींना मोठमोठ्या टाक्यांत वाढवायचं, त्यांच्याकडून ते प्रथिन करून घ्यायचं, मग गाळून गाळून शुद्ध करायचं. बाई म्हणाल्या, "असं समज, गोळी म्हणजे साखरेचा पाक आणि हे म्हणजे दही." ते मला चटकन पटलं. पाक एकतारी म्हटला की सगळीकडे एकतारीच. पण दूध तेच, विरजण त्याच भांड्यातलं, तरी माझं दही आणि अक्कांचं दही एक लागत नाही. हवा, भांडं, हात, सगळ्याचा फरक पडतो. म्हणूनच या औषधाची नक्कल केली तरी तिला 'तेच औषध' असं म्हणत नाहीत. 'त्याच्यासारखं', बायोसिमिलर, असं म्हणतात. आणि ते त्याच्याइतकंच गुणकारी आहे हे रुग्णांवर चाचणी घेऊन दाखवावं लागतं. हा खर्च खराच असतो, नाकारता येत नाही.

पण सगळी किंमत काही या खर्चाची नसते हो.

या औषधाचीच गोष्ट घ्या. ४४० मिलिग्रॅमची बाटली आपल्याकडे लाखाच्या वर होती. देशभरातून ओरड झाली, २०१२ साली स्वस्त ट्रास्टुझुमॅबसाठी मोहीमच उभी राहिली. त्याच वर्षी मार्च महिन्यात सरकारनं कर्करोगाच्या दुसऱ्या एका औषधाच्या बाबतीत, म्हणजे नेक्सावारच्या, पेटंट बाजूला ठेवून भारतीय कंपनीला ते बनवायची परवानगी दिली होती आणि महिन्याचा खर्च दोन लाख ऐंशी हजारांवरून आठ हजार आठशेवर आला होता. हे उदाहरण समोर होतं. रोश कंपनीनं पुण्याच्या एम्क्युअरमार्फत तेच औषध हर्क्लॉन या नावानं सुमारे पंचाहत्तर हजारांना आणलं. २०१३ साली तिनं इथल्या पेटंटवरचा हक्क सोडला, आणि २०१४ च्या सुरुवातीला बंगळूरच्या बायोकॉननं आपली बाटली बाजारात आणली, साडेसत्तावन्न हजारांना. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, पण दार उघडलं ते उघडलंच. आज ते बनवणाऱ्या भारतीय कंपन्या अनेक आहेत.

बायोकॉन उभी करणाऱ्या किरण मजुमदार-शॉ मुळात मद्य आंबवण्याचं शास्त्र शिकून आल्या होत्या, ऑस्ट्रेलियातून. बाई म्हणून त्या धंद्यात त्यांना कुणी नोकरी देईना, तेव्हा १९७८ साली त्यांनी गॅरेजमध्ये स्वतःचा उद्योग काढला. आंबवणंच, पण विकरांचं, आणि नंतर औषधांचं. विरजणाची विद्या कुठून कुठे जाते बघा!

"पण आपल्याकडचं स्वस्त, ते चांगलं असेल का?" हा अक्कांचा प्रश्न. तुमच्याही मनात आला असेल. त्याचं उत्तर असं, की बायोकॉनचंच हे औषध १ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्य केलं. ट्रास्टुझुमॅबसारखं औषध म्हणून त्या देशात मान्यता मिळालेलं ते पहिलंच. तेव्हा भारतीय बाटली बघून नाक मुरडायचं कारण नाही. डॉक्टरांना विचारून घ्यायचं एवढंच.

आता चोपन्न आणि बावीस हजारांचं कोडं. ते उलगडलं तेव्हा मी कपाळावर हातच मारला. बाटलीवर छापलेली किंमत ही 'यापेक्षा जास्त घेऊ नये' अशी मर्यादा असते. दुकानदाराला ती बाटली कितीतरी कमी भावात पडते. मधला फरक कोण खातो, हे ज्यानं त्यानं ठरवायचं. आम्ही पहिली बाटली रुग्णालयातल्याच दुकानातून घेतली, कारण तिथल्या माणसानं सांगितलं, "इथूनच घ्यावी लागते." आम्ही मुकाट्यानं घेतली. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, चोपन्न हजारांना तोंड उघडलं नाही! नंतर आमच्या ह्यांच्या एका मित्राच्या सांगण्यावरून पुण्यातल्या घाऊक विक्रेत्याला फोन केला, तर त्यांनी तीच कंपनी, तीच बाटली, बावीस हजार, पक्क्या बिलासह सांगितली.

हा घोळ सरकारच्या लक्षात आलेला नाही असं नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत कर्करोगाच्या ४२ औषधांवर विक्रेत्यांचा नफा तीस टक्क्यांवर जाऊ नये असा आदेश निघाला. देशातल्या कर्करोग रुग्णालयांची एक जोडणी आहे, नॅशनल कॅन्सर ग्रिड, टाटा रुग्णालयाच्या पुढाकारानं २०१२ साली सुरू झालेली. त्यातल्या २३ रुग्णालयांनी ४० औषधं एकत्र, ठोक भावानं खरेदी केली, तर दर २३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत उतरले. आपण चाळीतल्या बायका मिळून वर्षाचे गहू घेतो, तसंच हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा बारा टक्के कर पाचवर आला आणि ३३ औषधांवरचा पूर्ण उठला, त्यात कर्करोगाची बरीच आहेत. तुमचं बिल त्यानंतरचं असेल तर कराचा आकडा जरूर वाचा.

पुण्याहून बाटली आणताना काय काळजी घ्यायची, हे मी चुकत चुकत शिकले. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, म्हणजे आपल्या फ्रिजच्या मधल्या फळीवर. दारात नाही, कारण दार सारखं उघडतं. आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी मी सांगलीला पोचले आणि 'जितकं गार तितकं चांगलं' म्हणून बाटली फ्रीझरमध्ये सारायला निघाले होते. तेवढ्यात "नीट पोचलात का?" म्हणून दुकानातल्या मुलाचा फोन आला म्हणून वाचलं. गोठल्यानं ही प्रथिनं बिघडतात. प्रवासातही बाटली बर्फाला थेट चिकटू द्यायची नाही, मध्ये कागद हवा. बिलावर आणि बाटलीवर बॅच नंबर एकच आहे ना, मुदत केव्हा संपते, हे दुकानातच बघायचं.

आणि एक फार महत्त्वाचं. इंजेक्शन झालं की रिकामी बाटली मागून घ्या, तिचं लेबल आपल्यासमोर खरवडून टाकायला लावा. तुम्ही म्हणाल, ही काय भंगारवाल्याची चिकित्सा! पण २०२४ च्या मार्च महिन्यात दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. रुग्णालयांतून महागड्या कर्करोगाच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या मिळवायच्या, त्यांत भलतंच काही भरायचं आणि विकायच्या, असा तिचा धंदा होता. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला.

आता माझ्या हिशेबाची गोष्ट. मराठीच्या बाईंनी केलेलं गणित, चूक काढायला हरकत नाही.

हे औषध वजनावर देतात. पहिला डोस किलोला आठ मिलिग्रॅम, पुढचे सहा. अक्कांचं वजन पंचावन्न किलो. म्हणजे पहिल्यांदा ४४०, बरोबर एक बाटली. नंतर दर वेळी ३३०. म्हणजे प्रत्येक बाटलीतलं ११० मिलिग्रॅम उरलं. ते कुठे गेलं? मी नर्सबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "टाकून देतात." साडेपाच हजारांचं औषध बेसिनमध्ये! भाताचं उरलेलं शित सांडग्याला लावणाऱ्या घरातली मी, मला झोप येईना. शेवटी डॉक्टरांना भीत भीत विचारलं. त्यांनी खोक्यातला कागद काढून वाचला आणि सांगितलं, की ४४० च्या बाटलीबरोबर कंपनीचं जे खास पाणी येतं त्यात जंतू वाढू नयेत असा पदार्थ असतो. त्या पाण्यात कालवलेलं औषध दोन ते आठ अंशांत २८ दिवस टिकतं. आणि आपला डोस असतो एकवीस दिवसांनी! साधं पाणी वापरलं, किंवा १५० ची छोटी बाटली असली, तर मात्र असं ठेवायचं नाही, आणि त्या पाण्यातल्या पदार्थाचं ज्यांना वावडं असतं त्यांच्यासाठीही हा मार्ग नाही.

मग धरा हिशेब. एका बाटलीतलं ११० उरलं. पुढच्या वेळी ते अधिक नव्या बाटलीतलं २२०. उरलं २२०. त्याच्या पुढच्या वेळी ते अधिक नव्यातलं ११०. उरलं ३३०, म्हणजे चौथा डोस नव्या बाटलीवाचून. तीन बाटल्यांत चार डोस. वर्षाच्या अठरा बाटल्यांच्या जागी चौदा. उरलेलं औषध रुग्णालयाच्याच फ्रिजमध्ये, अक्कांच्या नावाची आणि तारखेची चिठ्ठी लावून राहतं. घरी आणायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. आणि हे सगळीकडे करू देतील असंही नाही, कारण जंतूंची जोखीम असते आणि ती काळजी घेणारी माणसं लागतात. पण विचारायला काय हरकत आहे? तुमचं वजन साठ असेल तर आकडे वेगळे येतील, पण रीत हीच.

चोपन्न हजारांची पहिली बाटली आणि बावीस हजारांच्या तेरा, मिळून तीन लाख चाळीस हजार. पावणेदहा लाखांवरून इथवर. हेही थोडं नाही, दिरांनी सोसायटीतून कर्ज काढलंय. पण ती कागदावरची बेरीज बघून अक्का पहिल्यांदा म्हणाल्या, "हे जमेल गं."

डोसाखेरीज दर तीन महिन्यांनी हृदयाची टू-डी एको तपासणी करावी लागते, कारण या औषधाचा काहींच्या हृदयावर परिणाम होतो. खर्च वाचवायला ती चुकवू नका. तसंच हर-टूची तपासणी आधी नीट करून घ्या. अहवालात दोन अधिक आलं तर ते 'हो'ही नसतं आणि 'नाही'ही नसतं, पुढची फिश नावाची तपासणी करावी लागते. ती न करता एवढं औषध सुरू करणं किंवा सोडून देणं, दोन्ही वाईट.

तुम्हांला वाटेल, आमच्या घरी तर कर्करोग नाही. नसोच! पण ही जिवंत पेशींतली औषधं आता दारोदार आली आहेत. मधुमेहाचं मानवी इन्शुलिन हे त्यातलं अगदी पहिलं, १९८२ सालचं, त्याआधी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. संधिवातासाठी ॲडॅलिम्युमॅब आहे, त्याची जगातली पहिली नक्कल २०१४ साली अहमदाबादच्या झायडसनं आणली, मूळ किमतीच्या पाचव्या हिश्श्यात. सोरायसिसला, दम्याला, म्हातारपणी ठिसूळ झालेल्या हाडांना, प्रत्येकाला असं एकेक इंजेक्शन निघालंय. आजच्या डॉक्टरांच्या हातात जे आहे ते वीस वर्षांपूर्वी नव्हतं, हे खरंच. पण दर वेळी नवं येतं ते महागच येतं. अक्कांच्या औषधाला आता एक थोरला भाऊ आला आहे, ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं सीमाशुल्क उठवलं, तरी साध्या घरानं त्याच्याकडे लांबूनच पाहावं अशी स्थिती आहे.

मला खरा हुरूप दिला तो मुंबईच्या दोन गोष्टींनी. एक, पवईच्या आय.आय.टी.त डॉ. राहुल पुरवार आणि टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मिळून रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच पेशी शिकवून परत देण्याचा उपचार तयार केला. २०२३ साली मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो सुरू झाला. खर्च चाळीस लाखांच्या आसपास, पण अमेरिकेत याच जातीच्या पहिल्या उपचाराची किंमत चार लाख पंचाहत्तर हजार डॉलर होती!

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखी आहे. निवोलुमॅब नावाचं अतिमहाग औषध आहे. टाटाच्या डॉक्टरांनी विचारलं, एवढं सगळं लागतंच का? तोंडाच्या आणि घशाच्या वाढलेल्या कर्करोगात त्यांनी नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, अवघं वीस मिलिग्रॅम, साध्या गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. वर्षाअखेर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. मिश्री आणि तंबाखूच्या आपल्या मुलखात याचं मोल काय आहे, ते मी वेगळं सांगायला नको. ट्रास्टुझुमॅबही वर्षाऐवजी सहा महिने दिलं तर चालतं का, याची इंग्लंडमध्ये चार हजारांवर बायकांवर चाचणी झाली आणि २०१९ साली उत्तर आलं, की सहा महिने फारसे कमी पडत नाहीत. फ्रान्समधल्या चाचणीनं तशी खात्री दिली नाही, म्हणून अजून वर्षाचाच रिवाज आहे. आमच्या डॉक्टरांनी अक्कांना वर्षच सांगितलं. पण ज्या बाईला वर्ष झेपणारच नाही, तिनं सगळंच सोडण्याआधी डॉक्टरांशी हे बोलावं. अक्का त्या रात्री पोळ्या लाटताना सोडूनच देणार होत्या, हे मी विसरलेले नाही.

आता अक्कांनी स्वतःच वही केली आहे. कुठल्या तारखेला कितवा डोस, किती उरलं, एको केव्हा, सगळं त्यांच्या मोठ्या अक्षरात. येत्या गुरुवारी तेरावा डोस आहे. परवा त्यांचा फोन आला, म्हणाल्या, "अगं, यावेळी पुण्याला जाऊ नकोस. माझ्या वहीप्रमाणं तीनशे तीस शिल्लक आहे." मी म्हटलं, "बरं झालं, मग डबा घरीच ठेवते." तर म्हणाल्या, "नको, डबा आण. बाग उतरायला लागलीय, जाताना द्राक्षं भरून देते."